चार्ल्स जॉन्सन : गुलामीची कथा धम्माच्या प्रकाशात लिहिणारे कृष्णवर्णीय कादंबरीकार

चार्ल्स रिचर्ड जॉन्सन (जन्म : 23 एप्रिल 1948) हे अमेरिकेतील कृष्णवर्णीय कादंबरीकार, कथाकार, व्यंगचित्रकार, तत्त्वज्ञानाचे अभ्यासक आणि बौद्ध उपासक आहेत. 'मिडल पॅसेज' या कादंबरीला 1990 साली अमेरिकेचा 'नॅशनल बुक अवॉर्ड' मिळाला. सिअ‍ॅटल येथील युनिव्हर्सिटी ऑफ वॉशिंग्टनमध्ये त्यांनी 1976 ते 2009 अशी तब्बल 33 वर्षे सर्जनशील लेखन शिकवले. गुलामगिरी, वंशभेद आणि मुक्ती या विषयांकडे त्यांनी बुद्धाच्या विचारातून पाहिले. म्हणूनच आंबेडकरी तरुणांनी त्यांची ओळख करून घ्यायला हवी.

बालपण आणि घर

जॉन्सन यांचा जन्म इलिनॉय राज्यात, शिकागोला लागून असलेल्या इव्हान्स्टन शहरात झाला. आईवडिलांचे ते एकुलते एक अपत्य. वडील दक्षिण कॅरोलायनातून कामाच्या शोधात उत्तरेकडे आले होते आणि घर चालवण्यासाठी एकाच वेळी दोन-तीन ठिकाणी राबत. त्यांच्या चुलत आजोबांची गोष्ट आपल्या वाचकांना ओळखीची वाटेल. गोऱ्यांच्या दूध कंपन्या कृष्णवर्णीयांच्या घरी दूध पोहोचवत नव्हत्या, तेव्हा या गृहस्थांनी स्वतःची दूध कंपनी काढली. ती मंदीत बुडाली. पण ते थांबले नाहीत. त्यांनी पुढे बांधकामाचा व्यवसाय उभा केला.

आई नॉर्थवेस्टर्न विद्यापीठातील गोऱ्या विद्यार्थिनींच्या एका निवासगृहात साफसफाई करत असे. सत्र संपल्यावर मुली टाकून देत ती पुस्तके ती घरी आणायची. ज्या दारातून कृष्णवर्णीय मुलीला विद्यार्थिनी म्हणून प्रवेश नव्हता, त्याच दारातून ही पुस्तके जॉन्सन यांच्या घरात आली. आईच्या संग्रहातले योगावरचे एक पुस्तक चौदाव्या वर्षी त्यांच्या हाती लागले. त्यातील ध्यानाचा पाठ वाचून ते अर्धा तास बसले. आलेला अनुभव इतका शांत आणि इतका अनोळखी होता की पोराला भीती वाटली. बरीच वर्षे त्यांनी ध्यान बाजूला ठेवले. पण वाचन सुरू राहिले.

आधी व्यंगचित्रकार

जॉन्सन यांना लहानपणी चित्रकार व्हायचे होते. वडिलांना ते पटले नाही. काळ्या माणसाला या धंद्यात कोण उभे करणार, असा त्यांचा अनुभवाचा सवाल होता. मुलाने लॉरेन्स लॅरियार या नामवंत गोऱ्या व्यंगचित्रकाराला पत्र लिहिले. उत्तर आले : तुझे वडील चुकत आहेत, तुला फक्त चांगला शिक्षक हवा. वडिलांनीही मग हट्ट सोडला आणि टपालाने चालणाऱ्या लॅरियार यांच्या वर्गाची फी भरली. 1965 मध्ये, वयाच्या सतराव्या वर्षी, जॉन्सन यांना चित्रांचे पहिले पैसे मिळाले.

पुढे सदर्न इलिनॉय विद्यापीठात ते पत्रकारिता शिकू लागले. तिथे कवी अमिरी बराका यांचे भाषण झाले. आपली कला आपल्या लोकांकडे घेऊन या, असे आवाहन त्यांनी कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांना केले. जॉन्सन खोलीवर गेले आणि आठवडाभर झपाटल्यासारखे चित्रे काढत बसले. त्यातून 'ब्लॅक ह्यूमर' (1970) हे पुस्तक झाले. पाठोपाठ 'हाफ-पास्ट नेशन टाइम' (1972) आले. याच काळात चित्रकला शिकवणारी 'चार्लीज पॅड' ही त्यांची मालिका सार्वजनिक दूरचित्रवाणीवरून दाखवली गेली.

गुरू जॉन गार्डनर

जॉन्सन यांनी पत्रकारितेची पदवी घेतली आणि तत्त्वज्ञानात एम.ए. केले. दरम्यान त्यांनी सहा कादंबऱ्या लिहून काढल्या. एकही त्यांना समाधान देणारी नव्हती. त्याच विद्यापीठात 'ग्रेंडेल'चे लेखक जॉन गार्डनर शिकवत होते. कथेत नैतिक जबाबदारी असलीच पाहिजे, हा त्यांचा आग्रह होता. त्यांच्या देखरेखीखाली जॉन्सन यांनी सातवी कादंबरी लिहिली. 'फेथ अँड द गुड थिंग' (1974) ही त्यांची पहिली प्रकाशित कादंबरी. दक्षिणेतील एक तरुण मुलगी 'चांगली गोष्ट' शोधायला शिकागोला निघते, अशी ती लोककथेच्या बाजाची कथा आहे.

गार्डनर यांचे ऋण जॉन्सन आजही मानतात. मात्र गुरूला बौद्ध विचार पटत नव्हता आणि शिष्याने तो सोडला नाही. गुरूवर श्रद्धा ठेवूनही स्वतःच्या बुद्धीने चालता येते, याचे हे चांगले उदाहरण आहे.

'ऑक्सहर्डिंग टेल' : गुलामाची कथा आणि झेनचा बैल

झेन परंपरेत हरवलेला बैल शोधणाऱ्या गुराख्याची दहा चित्रे प्रसिद्ध आहेत. बैल म्हणजे माणसाचे स्वतःचे मन. जॉन्सन यांनी ही चित्रमाला आणि अमेरिकेतील गुलामांच्या आत्मकथनांची परंपरा एकत्र आणली. पाच वर्षांच्या मेहनतीतून 'ऑक्सहर्डिंग टेल' (1982) तयार झाली. या पुस्तकासाठी 2,400 पाने लिहून फेकून दिल्याचे त्यांनी सांगितले आहे.

प्रकाशकांना ती काय आहे हेच कळेना. काळ्या लेखकाने राग आणि वेदना लिहावी, तत्त्वज्ञान कशाला, असा बाजाराचा हिशोब होता. अनेक नकारांनंतर इंडियाना विद्यापीठाच्या प्रकाशनाने ती छापली.

कादंबरीचा नायक अँड्र्यू हॉकिन्स हा गुलाम बाप आणि गोरी मालकीण यांचा मुलगा. त्याच्या मागावर 'सोलकॅचर' नावाचा पळालेले गुलाम पकडणारा माणूस आहे. त्याची पद्धत अजब आहे. तो गुलामाच्या पायांचा माग काढत बसत नाही, त्याच्या इच्छांचा माग काढतो. गुलामाला काय हवे आहे, कशाची भीती आहे, हे ओळखून तो त्याच्यासारखाच होतो. पण रेब नावाचा शवपेट्या बनवणारा गुलाम त्याच्या हाती लागत नाही, कारण रेबच्या मनात पकडायला काही उरलेलेच नसते. तण्हा आणि अनत्ता यांवरची पाने कितीही वाचली तरी जे लक्षात येत नाही, ते या एका प्रसंगात लक्षात येते. जॉन्सन स्वतः या कादंबरीला आपल्या सर्व लेखनाचा पाया मानतात.

'मिडल पॅसेज' आणि राष्ट्रीय सन्मान

आफ्रिकेतून पकडलेल्या माणसांना जहाजात कोंबून अटलांटिक महासागरापार नेण्याच्या प्रवासाला इतिहासात 'मिडल पॅसेज' म्हणतात. जॉन्सन यांच्या कादंबरीचा काळ 1830 चा आहे. गुलामीतून सुटलेला रदरफोर्ड कॅलहून हा तरुण न्यू ऑर्लिन्समध्ये भुरट्या चोऱ्या करत जगतो. कर्ज आणि सक्तीचे लग्न टाळण्यासाठी तो 'रिपब्लिक' नावाच्या जहाजात लपतो. नंतर कळते की जहाज गुलाम आणायलाच निघाले आहे. स्वतः गुलामीतून सुटलेला माणूस आता गुलामांच्या जहाजाचा नोकर होतो.

जहाजावर आणलेले लोक आलमुसेरी या जमातीचे आहेत. ही जमात जॉन्सन यांच्या कल्पनेतली. 'मी आणि तू' असा भेद न मानणारी. पण बंडात त्यांच्या हातूनही रक्त सांडते आणि ते पूर्वीचे राहत नाहीत. हिंसा करणाऱ्याला ती बदलून टाकते, हे लेखक कोणतेही प्रवचन न देता दाखवतात. शेवटी आणखी एक सत्य उघड होते : जहाजाच्या मालकांपैकी एक जण स्वतः कृष्णवर्णीय सावकार आहे. आपल्यातलाच माणूस आपल्या लोकांच्या विक्रीत भागीदार असू शकतो, हे लिहायला धैर्य लागते.

1953 साली राल्फ एलिसन यांना 'इन्व्हिजिबल मॅन'साठी नॅशनल बुक अवॉर्ड मिळाला होता. त्यानंतर कथासाहित्यासाठी हा सन्मान मिळवणारे जॉन्सन हे पहिले कृष्णवर्णीय पुरुष लेखक. पुरस्काराच्या समारंभाला वृद्ध एलिसन हजर होते आणि जॉन्सन यांनी आपले भाषण त्यांच्या गौरवासाठी वापरले. 1998 मध्ये जॉन्सन यांना मॅकआर्थर फेलोशिपही मिळाली.

डॉ. मार्टिन ल्यूथर किंग यांचा शोध

'ड्रीमर' (1998) ही कादंबरी 1966 च्या शिकागो आंदोलनातील डॉ. किंग यांच्यावर आहे. हुबेहूब किंगसारखा दिसणारा चेम स्मिथ नावाचा माणूस त्यांच्याकडे काम मागायला येतो. चेहरा तोच, पण नशीब, संधी आणि सन्मान वेगळे. समतेसाठी लढणाऱ्या नेत्यासमोर हा विषमतेचा जिवंत प्रश्न उभा राहतो.

'डॉ. किंग्ज रेफ्रिजरेटर' ही कथा तर आपल्या विहारांत वाचून दाखवावी अशी आहे. तरुण किंग रात्री प्रवचन लिहिताना भूक लागली म्हणून फ्रीज उघडतात. आतल्या एकेका पदार्थाकडे पाहताना त्यांना जगभरच्या शेतकऱ्यांचे आणि कष्टकऱ्यांचे हात दिसू लागतात. प्रतीत्यसमुत्पाद समजवायला याहून सोपे उदाहरण क्वचितच सापडेल. 'प्रिन्स ऑफ द असेटिक्स' या कथेत सिद्धार्थाची गोष्ट पंचवग्गीय भिक्खूंपैकी महानामाच्या तोंडून येते.

बौद्ध साधना

1980 च्या सुमारास जॉन्सन नियमित ध्यानाकडे वळले. व्हिएतनाम युद्धात लढून पुढे झेन भिक्खू झालेले क्लॉड आनशिन थॉमस यांच्याकडून त्यांनी शील ग्रहण केले. ते संस्कृत शिकले. चिनी युद्धकलेचा सराव त्यांनी तरुणपणापासून केला आणि पुढे ती शिकवलीही. 'टर्निंग द व्हील' (2003) आणि 'टेमिंग द ऑक्स' (2014) या संग्रहांत अष्टांगिक मार्ग, कृष्णवर्णीय समाज आणि धम्म यांवरचे त्यांचे लेख आहेत. किंग यांच्या 'प्रिय समुदाया'च्या कल्पनेत त्यांना संघाचे रूप दिसते.

वर्गातील शिक्षक

जॉन्सन यांचा वर्ग कडक शिस्तीचा होता. दहा आठवड्यांच्या सत्रात विद्यार्थ्याने तीन पूर्ण कथा लिहायच्या, शिवाय गार्डनर यांनी तयार केलेले लेखनाचे सराव करायचे आणि रोजची टिपणवही ठेवायची. प्रतिभेची वाट पाहत बसणे त्यांना मान्य नव्हते. शब्दसंपत्ती वाढावी म्हणून त्यांनी स्वतः एक जाडजूड शब्दकोश पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचला होता. लिहिलेल्या वीस पानांतले एकच ठेवायचे, हे त्यांचे प्रमाण. 'स्नो फॉलिंग ऑन सीडार्स'चे लेखक डेव्हिड गटरसन हे त्यांचे विद्यार्थी. आयुष्यभराचे हे शिक्षण 'द वे ऑफ द रायटर' (2016) या पुस्तकात आले आहे.

वादाचा मुद्दा

2008 साली जॉन्सन यांनी 'द एंड ऑफ द ब्लॅक अमेरिकन नॅरेटिव्ह' हा लेख लिहिला. पीडितपणाची जुनी कथा आजच्या वैविध्यपूर्ण कृष्णवर्णीय समाजाला पुरत नाही, आता नव्या कथा हव्यात, अशी त्यांची मांडणी आहे. हा लेख वादग्रस्त ठरला. अन्याय चालू असताना अन्यायाची कथा संपली असे म्हणता येईल का, हा प्रश्न आपल्यालाही पडेल आणि पडलाच पाहिजे. बोधिसत्व डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 14 ऑक्टोबर 1956 रोजी दिलेला धम्म हा लाखोंच्या सामुदायिक मुक्तीचा मार्ग होता. जॉन्सन यांची वाट ध्यानातून, एकेकट्या माणसाच्या मनातून जाते. हा फरक झाकण्याचे कारण नाही. पण ज्या समाजाला दुसऱ्यांनी फक्त 'पीडित' म्हणून ओळखले, त्या समाजातील लेखकाने विचारवंत म्हणून उभे राहायचे, हा त्यांचा हट्ट आपल्या ओळखीचा आहे.

आपल्यासाठी महत्त्व

कृष्णवर्णीयांच्या लढ्याशी आपले नाते जुने आहे. 1946 मध्ये बाबासाहेबांनी डब्ल्यू. ई. बी. डू बॉइस यांना पत्र लिहिले होते. 1972 मध्ये दलित पँथरने नावच ब्लॅक पँथरवरून घेतले. म. ना. वानखेडे आणि जनार्दन वाघमारे यांनी कृष्णवर्णीय साहित्याची ओळख मराठी वाचकाला करून दिली. त्या ओळखीत राग होता, विद्रोह होता, आत्मकथन होते. जॉन्सन यांच्यामुळे त्यात आणखी एक गोष्ट जमा होते : त्याच शोषितांच्या इतिहासावर बौद्ध तत्त्वज्ञानाने उभी केलेली कादंबरी.

मराठीत आपल्या आत्मकथनांनी साहित्याचे दार फोडले. धम्मदीक्षेनंतर जन्मलेल्या तिसऱ्या-चौथ्या पिढीकडे आज शिक्षण आहे, पाली ग्रंथ आहेत, आजी-आजोबांच्या आठवणी आहेत. अनत्ता, करुणा, प्रतीत्यसमुत्पाद या संकल्पना आपण भाषणात वापरतो. त्या चाळीतल्या, वस्तीतल्या, कारखान्यातल्या माणसाच्या कथेत अजून फारशा उतरलेल्या नाहीत. ज्यांना लिहायचे आहे त्यांनी जॉन्सन यांची एक तरी कथा मिळवून वाचावी, आणि मग टिपणवही उघडावी.