वाजलेल्या आणि न वाजलेल्या घंटा : संगणकीय इशाऱ्यांच्या नियमांचा इतिहास

१४ ऑगस्ट २००३, दुपारचे २ वाजून १४ मिनिटे. अमेरिकेच्या ओहायो राज्यात ‘फर्स्टएनर्जी’ या वीज कंपनीच्या नियंत्रण कक्षातील इशारे देणारी संगणक प्रणाली बंद पडली. आपण बंद पडलो आहोत, एवढेही तिने कक्षात कोणाला कळवले नाही. पडदे चालू होते, घंटा शांत होत्या, आणि कर्मचारी त्या शांततेचा अर्थ ‘सर्व ठीक आहे’ असा लावत राहिले.

३ वाजून ५ मिनिटांनी ३४५ किलोव्होल्टची पहिली वाहिनी झाडाला टेकून बंद झाली. ३.३२ ला दुसरी, ३.४१ ला तिसरी. घंटा वाजली नाही. संगणक विभागाला सर्व्हर कोसळल्याचा निरोप २.४१ लाच आपोआप गेला होता. पण इशारेच थांबले आहेत, हे नियंत्रण कक्षाला कोणी सांगितले नाही. चार वाजून गेल्यावर काही मिनिटांतच अमेरिकेची आठ राज्ये आणि कॅनडाचा ओंटारिओ प्रांत मिळून सुमारे ५ कोटी लोक विजेविना राहिले.

याच्या नेमकी उलट घटना नऊ वर्षे आधी घडली होती. २४ जुलै १९९४ रोजी वेल्समधील मिलफर्ड हेवन येथील टेक्साको तेलशुद्धीकरण कारखान्यात स्फोट झाला. स्फोटापूर्वीच्या शेवटच्या अकरा मिनिटांत तेथील दोन कर्मचाऱ्यांसमोर २७५ इशारे आले. म्हणजे सुमारे दर अडीच सेकंदांना एक. त्यांतील कोणता इशारा जिवावरचा आणि कोणता किरकोळ, हे ठरवायलाही उसंत नव्हती. पुढे १९९९ मध्ये ब्रिटनमधील ‘ईईएमयूए’ या उद्योगसंस्थेने इशारा-व्यवस्थेसाठी १९१ क्रमांकाची मार्गदर्शिका काढली. इशारा मिळाल्यावर माणसाने काहीतरी करणे अपेक्षित नसेल तर तो इशाराच नव्हे, हे तिचे मुख्य सूत्र.

एकीकडे मुकी घंटा, दुसरीकडे कर्कश घंटा. संगणकांवर देखरेख ठेवणाऱ्या मुक्तस्रोत सॉफ्टवेअरचा गेल्या पंचवीस वर्षांचा इतिहास या दोन टोकांमध्येच घडला आहे.

इशाऱ्याचा नियम ही वस्तू दिसायला फार साधी आहे. अमुक आकडा अमुक मर्यादेपलीकडे इतका वेळ राहिला, तर अमुक माणसाला कळवा. डिस्क नव्वद टक्के भरली, कळवा. सर्व्हर उत्तर देईना, कळवा. पण असे नियम शेकड्यांनी साचले की त्यांचेच व्यवस्थापन करावे लागते. कोणी लिहिला, का लिहिला, बरोबर चालतो का, आज त्याची गरज आहे का, हे प्रश्न उभे राहतात.

योगायोग असा की ती मार्गदर्शिका निघाली त्याच १९९९ साली ईथन गॅलस्टॅड या अमेरिकी तरुणाने ‘नेटसेंट’ नावाचे देखरेख सॉफ्टवेअर मोफत खुले केले. नावावरून व्यापारचिन्हाचा वाद झाला आणि २००२ मध्ये त्याचे ‘नागिओस’ झाले. ‘आम्ही संतपदाचा हट्ट धरणार नाही’ अशा अर्थाच्या इंग्रजी वाक्याच्या आद्याक्षरांतून हे नवे नाव जुळवले होते. शिवाय ग्रीक भाषेत ‘आगिओस’ म्हणजे संत. हट्ट सोडतानाही संत नावात राहिलाच.

नागिओसमध्ये नियम साध्या मजकुराच्या फाइलींत लिहिले जात. एकदा चुकलेल्या तपासणीवरून झोपमोड होऊ नये म्हणून त्यात ‘मऊ’ आणि ‘कठीण’ अशा दोन अवस्था होत्या. तपासणी पहिल्यांदा फसली की अवस्था मऊ. ठरलेल्या संख्येइतक्या वेळा सलग फसली तरच कठीण, आणि तेव्हाच निरोप. यंत्रांचे आईबापही सांगता येत. मधला राउटर पडला तर त्याच्यामागची पन्नास यंत्रे ‘पडली’ असे न म्हणता ‘पोहोचता येत नाही’ असे म्हणायचे, एवढे शहाणपण त्या नात्यावरून येई. मिलफर्ड हेवनच्या गोंगाटावरचे हे मुक्तस्रोत जगातील पहिल्या पिढीचे उत्तर म्हणता येईल.

अडचण वेगळीच होती. नियम यंत्रागणिक बांधलेला असे. दहा यंत्रांच्या जमान्यात हे निभावले. साचे वापरून शंभरांपर्यंतही ओढता आले. लॅटव्हियातील अलेक्सेई व्लादिशेव यांनी २००१ मध्ये खुल्या केलेल्या ‘झॅबिक्स’ने फाइलींऐवजी डेटाबेस आणि पडद्यावरचे अर्ज आणले, त्यामुळे सोय वाढली. पण पुढे क्लाउडमध्ये यंत्रे मिनिटामिनिटाला जन्मू आणि मरू लागली. सकाळी लिहिलेल्या नियमातले यंत्र दुपारी अस्तित्वातच नसे, आणि दुपारी आलेल्या यंत्रावर एकही नियम नसे.

येथे कथानक बर्लिनला येते. २०१२ मध्ये ‘साउंडक्लाउड’ या संगीत कंपनीत मॅट प्राउड आणि युलिउस फोल्झ या, पूर्वी गूगलमध्ये काम केलेल्या, अभियंत्यांनी ‘प्रोमिथियस’ लिहायला घेतले. गूगलच्या आत ‘बोर्गमॉन’ नावाची प्रणाली होती. बाहेरच्यांना ती उपलब्ध नव्हती, पण तिच्यातला विचार या दोघांनी सोबत आणला. जानेवारी २०१५ मध्ये प्रोमिथियसची जाहीर घोषणा झाली आणि २०१६ मध्ये ते ‘क्लाउड नेटिव्ह कॉम्प्युटिंग फाउंडेशन’मध्ये दाखल झाले. त्या संस्थेत कुबरनेटीसनंतरचा हा दुसराच प्रकल्प.

प्रोमिथियसचा नियम यंत्राचे नाव घेत नाही. प्रत्येक मोजमापाला चिठ्ठ्या जोडलेल्या असतात: सेवा कोणती, शहर कोणते, आवृत्ती कोणती. नियम त्या चिठ्ठ्यांवर चालणारे गणिती विधान असतो. ‘पैसे भरण्याच्या सेवेत गेल्या पाच मिनिटांत फसलेल्या विनंत्यांचे प्रमाण एक टक्क्याहून अधिक आहे का?’ यंत्रे तीन असोत वा तीन हजार, नियम एकच. डिस्क किती भरली एवढेच विचारण्याऐवजी, गेल्या सहा तासांचा कल पाहता पुढच्या चार तासांत ती भरेल का, असेही विचारता येते.

दुसरी महत्त्वाची गोष्ट म्हणजे कामाची वाटणी. ‘काही बिघडले आहे का’ हे प्रोमिथियस ठरवते. ‘कोणाला, कधी, किती वेळा सांगायचे’ हे ‘अलर्टमॅनेजर’ नावाचा स्वतंत्र कार्यक्रम ठरवतो. तो सारख्या इशाऱ्यांची मोट बांधतो, दुहेरी निरोप गाळतो, आणि मोठा इशारा चालू असताना त्याच्या पोटातले लहान इशारे दाबून ठेवतो. अख्खे केंद्र बंद पडले असेल, तर त्यातल्या प्रत्येक यंत्राची वेगळी बोंब कोणाला ऐकायची असते?

विचाराच्या पातळीवर मात्र मोठा धक्का एका लेखाने दिला. गूगलमधील रॉब इवाशुक यांनी इशाऱ्यांविषयी आपले तत्त्व मांडणारे टिपण लिहिले होते. २०१६ मध्ये निघालेल्या गूगलच्या ‘साइट रिलायबिलिटी इंजिनिअरिंग’ या ग्रंथाचे सहावे प्रकरणही त्यांच्याच नावावर आहे. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे: माणसाला उठवायचे ते वापरकर्त्याला त्रास होत असेल तेव्हा, आतल्या एखाद्या यंत्राचा प्रोसेसर तापला म्हणून नव्हे. लक्षणावर इशारा द्या, कारण नंतर शोधा. ईईएमयूएच्या मार्गदर्शिकेशी या मताचे साम्य थक्क करणारे आहे. तेलाच्या कारखान्यात शिकलेला धडा संगणकवाल्यांना पुन्हा स्वतंत्रपणे शिकावा लागला, हे या इतिहासातले खेदजनक पान.

नियम लिहिण्याची पद्धतही याच सुमारास बदलली. नोव्हेंबर २०१७ मधील प्रोमिथियस २.० ने नियमांची स्वतःची लिपी सोडून ‘यॅमल’ हा सर्वपरिचित आराखडा स्वीकारला. त्यामुळे इतर साधनांना नियम वाचणे आणि तपासणे सोपे झाले. फाइली ‘गिट’मध्ये ठेवल्या की प्रत्येक बदलामागे नाव, वेळ आणि कारण नोंदले जाते. इतिहासाच्या अभ्यासकाला हेवा वाटावा अशी ही सोय आहे. एकेका मोडी कागदाची तारीख आणि लेखक ठरवण्यात आपल्याकडे आयुष्ये खर्ची पडली आहेत.

२०१८ साली दोन मोठ्या उणिवा भरून निघाल्या, आणि दोन्हींमागे गूगलच्या उन्हाळी उपक्रमात सहभागी झालेला एक भारतीय विद्यार्थी होता: गणेश वेर्णेकर. पहिली उणीव अशी. ‘ही स्थिती एक तास टिकली तरच कळवा’ असा नियम असेल आणि पन्नासाव्या मिनिटाला प्रोमिथियस स्वतःच बंद होऊन पुन्हा सुरू झाले, तर घड्याळ शून्यावर येई. सप्टेंबरमधील २.४ आवृत्तीपासून ही मोजणी टिकून राहू लागली. दुसरी उणीव त्याहून मूलभूत. नियम बरोबर आहे हे कळणार कसे? खरा अपघात होईपर्यंत वाट पाहायची? नोव्हेंबरमधील २.५ आवृत्तीत नियमांच्या चाचणीची सोय आली. खोटे आकडे द्यायचे, वेळ पुढे सरकवायची, आणि घंटा वाजायला हवी तेव्हा वाजते का, नको तेव्हा गप्प राहते का, हे आधीच पडताळून पाहायचे.

पण चाचणीतल्या आकड्यांना आपण दिलेली नावे खऱ्या यंत्रणेत असतीलच असे नाही. येथे ओहायोचे भूत पुन्हा डोके वर काढते. प्रोमिथियसमध्ये एखादे मोजमापच नाहीसे झाले, तर त्यावरचा नियम ‘धोका’ म्हणत नाही आणि ‘चूक’ही म्हणत नाही, उत्तर रिकामे येते आणि शांतता राहते. एखाद्या प्रोग्रामरने मोजमापाचे नाव बदलले की त्यावर अवलंबून असलेला नियम जिवंत दिसत असूनही मेलेला असतो. क्लाउडफ्लेअर कंपनीने खुले केलेले ‘पिंट’ हे साधन हेच शोधते: नियमात लिहिलेले मोजमाप प्रत्यक्ष सर्व्हरवर सापडते का, हे ते विचारून येते.

आणि संपूर्ण देखरेख प्रणालीच कोसळली तर? मुंबईच्या लोकल गाडीत मोटरमनला एक दांडा सतत दाबून धरावा लागतो. हात सुटला की ब्रेक लागतात. त्याला ‘डेडमॅन हँडल’ म्हणतात. कुबरनेटीसवरील प्रोमिथियससोबत मिळणाऱ्या तयार नियमसंचात याच कल्पनेचा एक नियम आहे, जो कायम वाजत असतो. पूर्वी त्याचे नाव ‘डेडमॅन्स स्विच’ होते, पुढे ‘वॉचडॉग’ झाले. बाहेरची एखादी स्वतंत्र सेवा हा इशारा ऐकत राहते, आणि तो ऐकू येईनासा झाला की माणसाला उठवते. ओहायोच्या कक्षात अशी एखादी अखंड टिकटिक असती, तर निदान २ वाजून १५ मिनिटांनी कोणीतरी मान वर करून पाहिले असते.

नियम फाइलीत असावा की पडद्यावर, हा वाद मात्र मिटला नाही. स्वीडनच्या टॉर्केल ओडेगार्ड यांनी २०१४ मध्ये सुरू केलेल्या ‘ग्राफाना’त २०१६ अखेर इशारे आले, ते थेट आलेखाला चिकटवलेले. आलेख पुसला की त्यावरचा इशाराही गेला. २०२१ च्या आठव्या आवृत्तीत इशाऱ्यांना आलेखांपासून वेगळे स्थान मिळाले, आणि २०२२ पासून फाइलीतून नियम पुरवण्याची सोयही आली. अशा नियमाला पडद्यावरून सहज हात लावता येत नाही. शिस्त म्हणून हे योग्यच. पण रात्री दोन वाजता चुकीच्या मर्यादेमुळे दर पाच मिनिटांनी उठणाऱ्या अभियंत्याला सहकाऱ्याच्या संमतीसाठी सकाळपर्यंत थांब म्हणणे कठीण जाते.

म्हणून तो दुसरा मार्ग धरतो. अलर्टमॅनेजरमध्ये ‘सायलेन्स’ लावतो, म्हणजे इशारा तात्पुरता गप्प करतो. त्यासाठी त्याला स्वतःचे नाव, कारण आणि समाप्तीची वेळ लिहावीच लागते. त्याशिवाय प्रणाली विनंती स्वीकारत नाही. नियमाच्या फाइलीत मात्र यांपैकी एकही रकाना सक्तीचा नाही. एखाद्या अपघातानंतर घाईने लिहिलेला नियम लिहिणारा नोकरी सोडून गेल्यावरही वाजत राहतो, आणि त्याच्यावर दर आठवड्याला नवे सायलेन्स चढत राहते.