म्या (सर्वनाम)

परभणी, जिंतूर, गंगाखेड परिसरातील ग्रामीण मराठीत आणि मराठवाड्याच्या बऱ्याच भागांत ऐकू येणारे प्रथमपुरुषी एकवचनी सर्वनामाचे तृतीयेचे रूप. ‘मी जातो’, पण ‘म्या भाकर खाल्ली’. सकर्मक क्रियापदाच्या भूतकाळात कर्ता तृतीयेत येतो, तिथे ते वापरले जाते. द्वितीयपुरुषी जोडीदार ‘त्वा’.

शिकलेल्यांच्या कानाला हे रूप गावंढळ वाटते. वास्तविक ते प्रमाण मराठीपेक्षा जुन्या व्यवस्थेला धरून आहे. ज्ञानेश्वरीत (१२९०) ‘मियां’, ‘तुवां’ अशी तृतीयेची रूपे सर्रास येतात. प्रमाण भाषेने पुढे हा भेद मोडला आणि ‘मी गेलो’, ‘मी खाल्ले’ दोन्हीकडे एकच रूप ठेवले. ‘रामाने’प्रमाणे ‘मीने’ होत नाही, याचे मूळही इथेच आहे: तृतीयेचा अर्थ या सर्वनामात आधीपासून मुरलेला होता.

मुळात ‘मी’सुद्धा संस्कृत ‘अहम्’चा वंशज नव्हे. तो ‘मया’ या तृतीयेच्या रूपातून, अपभ्रंशातील ‘मइं’मार्गे आला, हिंदी ‘मैं’ त्याचाच भाऊबंद. ‘अहम्’चा वारसा गुजराती ‘हुं’ आणि कोकणी ‘हांव’ यांनी राखला. बोलीने जुने रूप जपण्याचा प्रकार इंग्रजीतही दिसतो: नैऋत्य इंग्लंडच्या बोलीतला ‘अन्’ (त्याला) जुन्या इंग्रजीतील ‘हिने’ या द्वितीयेच्या रूपातून उरला. प्रमाण भाषेने तिथे चतुर्थीचे ‘हिम’ स्वीकारले.

याच पट्ट्यात ‘माझा’साठी ‘महा’, ‘मही’, ‘महं’ ही रूपेही आढळतात. ‘माझा’ प्राकृत ‘मज्झ’वरून आला, ‘महा’चा संबंध ‘मह’ या षष्ठीच्या रूपाशी जोडता येतो.