पिस्तुलाचा परवाना आणि हाकिमाची मर्जी

२३ जानेवारी १९११ रोजी भर दुपारी न्यूयॉर्क शहरातील ग्रॅमर्सी पार्कजवळ डेव्हिड ग्रॅहम फिलिप्स या ख्यातनाम कादंबरीकारावर, त्याच्या कादंबरीत आपल्या कुटुंबाची बदनामी झाली आहे अशा भ्रमाने पछाडलेल्या एका तरुणाने पिस्तुलाच्या गोळ्या झाडल्या आणि त्याच पिस्तुलाने आपलाही अंत करून घेतला. फिलिप्स दुसऱ्या दिवशी मरण पावला. त्याआधी सहा महिन्यांच्या आतच शहराचे महापौर गेनर यांच्यावर धक्क्याला लागलेल्या जहाजावर गोळी झाडली गेली होती आणि ती गोळी त्यांच्या गळ्यात कायमची रुतून बसली होती. लोकक्षोभ अनावर झाला आणि त्या क्षोभाच्या लाटेवर टिमथी सलिव्हन या सिनेटरने राज्याच्या विधिमंडळात मांडलेला कायदा अल्पावधीतच संमत होऊन सप्टेंबर १९११ च्या आरंभी अमलात आला. अमेरिकेतील शस्त्रधारक आणि राज्यसत्ता यांच्यातील शतकभराच्या कलहाचा इतिहास ज्याला समजून घ्यावयाचा आहे, त्याने या एका सलिव्हन कायद्याची कहाणी नीट अभ्यासावी असे मला वाटते.

कायद्याचा आशय थोडक्यात असा : अंगावर लपविता येईल असे पिस्तूल बाळगावयाचे तर परवाना हवा, मग ते घरात ठेवलेले असो की खिशात; परवान्यावाचून ते बाहेर घेऊन फिरणे, जो पूर्वी किरकोळ अपराध गणला जात असे, तो आता गंभीर फौजदारी गुन्हा; आणि विक्रेत्याने परवाना पाहूनच विक्री करावी व तिची नोंदवहीत नोंद ठेवावी. शिकारीच्या लांब नळीच्या बंदुकांना या बंधनाने स्पर्श केला नाही. १९१३ मध्ये त्यात दुरुस्ती होऊन असे ठरले की पिस्तूल घेऊन सर्वत्र वावरण्याचा परवाना मागणाऱ्याने आपली सच्छीलता तर सिद्ध करावीच, पण त्याखेरीज ‘योग्य कारण’ही दाखवावे. हे कारण योग्य की अयोग्य याचा निवाडा शहरात पोलीस खात्याने आणि ग्रामीण भागात बहुधा तेथील न्यायाधीशाने करावयाचा. या दोन शब्दांनी पुढे एकशे नऊ वर्षे राज्य केले.

विरोध पहिल्या दिवसापासून होता. नेमबाज, शिकारी आणि शस्त्रविक्रेते यांचा आक्षेप असा की दरोडेखोर परवाना मागावयास कधी कचेरीत येत नाही, तेव्हा निःशस्त्र होणार तो केवळ कायदा पाळणारा गृहस्थ. दुसरा आक्षेप अधिक गंभीर होता. सलिव्हन हा टॅमनी हॉल या बलाढ्य राजकीय मंडळीचा पुढारी. पोलिसांवर त्या मंडळीचे वजन. तेव्हा नको असलेल्या माणसाच्या खिशात पिस्तूल सारून त्याला तुरुंगात धाडणे किती सोपे, असे उघड बोलले जाई, आणि काही टोळीवाल्यांनी या भयापोटी आपल्या कोटाचे खिसेच शिवून टाकल्याच्या कथा त्या काळी सांगितल्या जात. एका विरोधकाने तर मुद्दाम अटक करवून घेऊन न्यायालयात धाव घेतली. परंतु १९१३ मध्ये न्यायालयाने कायदा वैध ठरविला, कारण शस्त्र बाळगण्याच्या हक्काविषयीच्या १७९१ च्या दुसऱ्या घटनादुरुस्तीचे बंधन मध्यवर्ती सरकारवर आहे, राज्यांवर नाही, असाच त्या वेळचा न्यायविचार होता.

परंतु या कायद्याचा पहिला प्रहार कोणावर पडला हे पाहिले म्हणजे मन विषण्ण होते. फिलिप्सचा मारेकरी सुखवस्तू, प्रतिष्ठित घराण्यातला होता. कायद्याखाली प्रारंभीच ज्याला कारावास घडला तो मात्र एक इटालियन कामकरी. कामासाठी निघालेल्या या माणसाने, ‘ब्लॅक हँड’च्या नावाने आपल्याच देशबांधवांकडून खंडणी उकळणाऱ्या टोळ्यांच्या भीतीने रिव्हॉल्व्हर जवळ ठेवले होते, आणि न्यायाधीशाने त्याला सिंग सिंगच्या तुरुंगात एक वर्ष धाडताना त्याच्या जातभाईंच्या तापट स्वभावाचा दाखला दिला. त्या वर्षांत दक्षिण व पूर्व युरोपातून लक्षावधी निर्वासित व मजूर या बंदरात उतरत होते, आणि त्यांच्याविषयीचा संशय हा कायद्याच्या मजकुरात कोठेही लिहिलेला नसला तरी त्याच्या अंमलबजावणीत पदोपदी वाचता येत होता.

शस्त्रधारकांची जी संघटना आज या विरोधाचे प्रतीक मानली जाते, ती नॅशनल रायफल असोसिएशन, हिचे पूर्वचरित्रही विसरता कामा नये. यादवी युद्धात सैनिकांची नेमबाजी निकृष्ट ठरली म्हणून १८७१ मध्ये न्यूयॉर्कमध्येच ती स्थापन झाली, आणि लाँग आयलंडवरील क्रीडमूर येथील तिच्या नेमबाजीच्या मैदानासाठी न्यूयॉर्क राज्यानेच पंचवीस हजार डॉलर दिले. तिचे अध्यक्ष कार्ल फ्रेडरिक, जे स्वतः १९२० च्या ऑलिंपिकमधील पिस्तूल नेमबाजीचे विजेते होते, त्यांनी १९३४ मध्ये अमेरिकन काँग्रेसच्या समितीपुढे साक्ष देताना सरसकट सर्वांनी शस्त्र घेऊन फिरण्याचे समर्थन केले नाही. परवाना असावा हे त्यांना मान्य होते. तरी त्याच वर्षीच्या मध्यवर्ती कायद्याच्या मसुद्यातून पिस्तुले वगळली गेली ती शस्त्रधारकांच्या पत्रांच्या व तारांच्या वर्षावामुळेच. तडजोड करणारी ही पिढी १९७७ च्या सिनसिनाटी येथील वार्षिक सभेत सत्ताभ्रष्ट झाली आणि तेथून पुढे कोणत्याही निर्बंधाला विरोध हेच संघटनेचे ब्रीद बनले.

मराठी वाचकाला यात काही ओळखीचे वाटेल. लॉर्ड लिटनच्या कारकिर्दीतील १८७८ च्या हत्यारांच्या कायद्याने आपल्याकडेही परवाना ही हाकिमाच्या मर्जीची वस्तू केली, आणि गोऱ्यांना त्यातून सूट देऊन त्या मर्जीला वर्णभेदाचा उघड शिक्का मारला. १८८७ च्या मद्रास काँग्रेसने त्याविरुद्ध ठराव केला. अहिंसेचे उद्गाते गांधीजी यांनीही १९१८ मध्ये त्या कायद्याची कठोर शब्दांत निंदा केली. आणि काँग्रेसच्या १९३१ च्या कराची ठरावात नियमांच्या मर्यादेत शस्त्र बाळगण्याचा हक्क मूलभूत हक्कांत गणला गेला. या मंडळींना घराघरात पिस्तूल नको होते. त्यांना मर्जीचे राज्य नको होते.

न्यूयॉर्कच्या शस्त्रधारकांनी हाच मुद्दा आपल्या लढ्याचा गाभा केला असता तर त्यांचे वजन वाढले असते. त्यांनी ते केले नाही. इतरत्रही हीच उणीव दिसली. १९६७ मध्ये कॅलिफोर्नियात ब्लॅक पँथर्स या कृष्णवर्णीयांच्या संघटनेचे लोक भरलेल्या बंदुका उघडपणे घेऊन वावरू लागले, तेव्हा ती मुभा काढून घेणारा कायदा झाला, आणि त्यावर गव्हर्नर रेगन यांनी, जे पुढे शस्त्रधारकांचे लाडके राष्ट्राध्यक्ष झाले, निःसंकोच सही केली. न्यूयॉर्कमधील हत्यारांच्या खटल्यांत कृष्णवर्णीय व लॅटिनो तरुण मोठ्या संख्येने भरडले जातात, हे सर्वोच्च न्यायालयापुढे तपशीलवार मांडले ते गरीब आरोपींचा बचाव करणाऱ्या सार्वजनिक वकिलांनी.

२३ जून २०२२ रोजी त्या सर्वोच्च न्यायालयाने सहा विरुद्ध तीन मतांनी ‘योग्य कारण’ ही अट घटनाबाह्य ठरविली. त्याआधी सहाच आठवडे न्यूयॉर्क राज्यातीलच बफेलो येथे एका वंशद्वेष्ट्याने किराणा बाजारात दहा कृष्णवर्णीयांची हत्या केली होती. माझ्या मते मर्जीची ती अट गेली हे न्याय्यच झाले. पण पिस्तूल घेऊन रस्त्यावर उतरणे हा जणू निसर्गदत्त अधिकार आहे असे मानून जो जयघोष झाला, त्यात बफेलोच्या मृतांची आठवण कोणी ठेवली नाही, ही गोष्ट अक्षम्य आहे. राज्याने १ जुलै रोजी नवा कायदा केला. त्यानुसार पिस्तूल घेऊन फिरू इच्छिणाऱ्याला सोळा तासांचा वर्ग व दोन तासांचा प्रत्यक्ष गोळीबाराचा सराव पुरा करावा लागतो, चारित्र्याची ग्वाही देणारे चौघे उभे करावे लागतात, आणि भुयारी रेल्वे व टाइम्स स्क्वेअर येथे शस्त्र नेता येत नाही. कारण मात्र सांगावे लागत नाही.