गवंड्याच्या पोराची सँटोरिनी

खोलीत पाय टाकला आणि मी आधी भिंत ठोकून पाहिली. टकटक नाही, ठणठण नाही. ओल्या पोत्यावर बुक्की मारावी तसा बसका आवाज. मुलगी म्हणाली, "बाबा, आधी समोर तरी बघा!" समोर सँटोरिनीचा तो काठ होता, ज्याचं कॅलेंडर साताऱ्यात आमच्या गल्लीतल्या सलूनमध्येसुद्धा टांगलेलं आहे. पांढरी घरं, निळे घुमट, खोल खाली समुद्र. तो मी नंतर पाहिला. म्युनिकला असलेल्या लेकीने आम्हा दोघांना तीन रात्रींसाठी ग्रीसच्या या बेटावर आणलं होतं, आणि इया गावातली ही कड्यात कोरलेली खोली हौसेने घेतली होती. भाडं तिने सांगितलं नाही. हिने ते मोबाइलवर शोधून काढलं आणि पहिली रात्र कूस बदलण्यात घालवली.

भिंत ठोकायची सवय वडिलांची. ते पाटण तालुक्यात गवंडी होते. सिमेंटची पोती आली तरी त्यांचा चुन्यावरचा विश्वास उडाला नाही. गोल दगडी चर, त्यात बैलाने फिरवायचं दगडी चाक, अशी चुन्याची घाणी मी त्यांच्या कामावर पाहिलेली आहे. चुना, वाळू आणि सुरखी, म्हणजे भाजलेल्या विटेची भुकटी, तासन्‌तास मळली जायची. सुरखी रंगासाठी घालतात अशी माझी समजूत. वडील म्हणाले, "नुसता चुना हवा खाऊन घट्ट होतो. ओलीत त्याला हवा कुठली मिळायची? तिथं सुरखीच धरते." पुढे पदविका घेताना पुस्तकात त्याच गोष्टीसाठी 'पोझोलाना' हा भारदस्त शब्द भेटला. भाजलेल्या मातीतली सिलिका चुन्याशी संयोग पावते आणि मिश्रण पाण्याखालीसुद्धा दगडासारखं होतं. आपण त्यासाठी विटा भाजतो. सँटोरिनीत ही भट्टी ज्वालामुखीने लावली, साडेतीन हजार वर्षांपूर्वी, आणि माल अजून संपलेला नाही.

इसवी सनापूर्वी 1600 च्या आसपास हे बेट फुटलं. मधला भाग खचून समुद्राखाली गेला, काठाकाठाने चंद्रकोर उरली. त्या कोरीवर राख आणि पमीस, म्हणजे आपण टाचा घासायला वापरतो तो हलका दगड, यांचा थर बसला. कुठे कुठे तो तीस मीटरहूनही जाड आहे. तिथले लोक या फिकट थराला 'आस्पा' म्हणतात. आस्पा मऊ, कुदळीने सहज निघते. पण दाबून इतकी बसलेली की सरळ उभी कापली तरी ढासळत नाही. आमच्याकडच्या काळ्या पाषाणाला सुरुंग लावल्याशिवाय वाट मिळत नाही. इथे माणूस एकटा कुदळ घेऊन घर काढू शकत होता.

आणि काढावंच लागत होतं. बेटावर तुळईजोगं झाड नाही, पाऊस बेताचा, नदी नाही. लाकडाशिवाय छप्पर करायचं तर कमान हवी. म्हणून कड्यात आडवं बोगद्यासारखं खोदायचं, किंवा जमिनीवर बांधलं तरी वर अर्धगोल छत घालायचं. काळे-तांबडे दगड आणि हलका पमीस, जोडायला चुना आणि आस्पा. खोदलेल्या घराला 'इपोस्काफो' म्हणतात. समोरची भिंत अरुंद. मधोमध दार, दोन्ही बाजूंना एकेक खिडकी आणि दाराच्या वर एक झरोका. आतली गरम हवा वरच्या झरोक्यातून जाते, गार हवा खालून येते. आत आणखी एक भिंत, तिलाही तशाच खिडक्या आणि दार, म्हणजे पुढच्या खोलीतला उजेड मागच्या झोपायच्या खोलीपर्यंत पोचतो. माझ्या खोलीत मी हे दुपारी बसून पाहिलं. बाहेर डोळे दिपवणारं ऊन, आत पलंगावर पुस्तक वाचता येईल एवढाच उजेड. खालच्या घराचं छत हे वरच्या घराचं अंगण, आणि पावसाचं पाणी उतारावरून टाकीत. एकही थेंब फुकट नाही. हे कोणत्या वास्तुविशारदाने आखलं म्हणाल तर कोणीच नाही.

ही घरं गरिबांची. इयामध्ये वरच्या सपाटीवर कप्तानांची दुमजली घरं आहेत, गुलाबी, पिवळसर, दगडी चौकटींची. खलाशी आणि मजूर खाली, कड्याच्या पोटात. एकोणिसाव्या शतकात इयाची शिडाची जहाजं काळ्या समुद्रापर्यंत जात. जाताना उन्हात सुकवलेल्या द्राक्षांची गोड विन्सान्तो दारू नेत. रशियातल्या चर्चना ती प्रसादविधीसाठी लागायची. क्रांतीनंतर ते गिऱ्हाईक गेलं. आगबोटींनी शिडं आधीच उतरवायला लावली होती. आमच्या हॉटेलच्या काउंटरवरची बाई सांगत होती की तिच्या आजीच्या तरुणपणी खोदलेल्या घरातली सून म्हणजे कमी प्रतीची सून. मी म्हटलं, आज त्याच घराचं भाडं विचारून माझ्या बायकोला झोप लागत नाही. ती हसली, पण भाडं कमी केलं नाही.

(जेवणाचं एक सांगून टाकतो. 'फावा' म्हणून तिथे पिवळं घट्ट वरण येतं, वर ऑलिव्हचं तेल आणि चिरलेला कांदा. हिने एक घास घेतला आणि लिंबू मागितलं. नाव फावा असलं तरी हे कडधान्य लाखेच्या कुळातलं, म्हणजे आपल्या विदर्भातल्या लाखोळीचं चुलत भावंड. भंडाऱ्याच्या एका सहकाऱ्याच्या घरी मी लाखोळी खाल्ली आहे. तिच्यावर आपल्याकडे विक्रीबंदी आली. इथे फावाला युरोपीय संघाचं मानाचं भौगोलिक नामांकन आहे.)

तर माती. घर काढताना निघालेली आस्पा गावाला पुरून उरायची. एकोणिसाव्या शतकात तिला बाहेरून गिऱ्हाईक मिळालं. चुन्यात ही माती घातली की बांधकाम समुद्राच्या पाण्यात टिकतं, हे बंदरं बांधणाऱ्यांना ठाऊक झालं होतं. एड्रियाटिकवरच्या ट्रिएस्टसारख्या बंदरांकडे ती जाऊ लागली. मग 1859 साली सुएझचा कालवा खणायला सुरुवात झाली, पोर्ट सैदचं बंदर उभं करायचं ठरलं आणि मागणी एकदम वाढली. सँटोरिनीला आणि समोरच्या थिरासिया बेटाला खाणी लागल्या. कडा वरून कापायचा आणि माती घळीतून सरळ खाली सोडायची. खाली जहाज उभं. ना गाडी, ना बैल. ओझं वाहायचं काम उतारानेच केलं. बेटाचं मुख्य गाव फिरा, त्याच्या दक्षिणेला रस्त्यावरून जाताना या खाणींच्या पायऱ्या-पायऱ्यांच्या भिंती अजून दिसतात. आमच्या बसमधल्या सगळ्यांनी तेव्हा मान दुसरीकडे, समुद्राकडे वळवलेली होती.

17 नोव्हेंबर 1869 ला कालवा उघडला आणि मुंबईचं नशीब पालटलं. विलायतेच्या बोटीचा आफ्रिकेचा वळसा वाचला. 1875 ला ससून डॉक झाला, 1880 ला प्रिन्सेस डॉक. शाळेत हा धडा आम्ही कालवा खणवणाऱ्या लेसेप्सच्या नावाने पाठ केला होता. त्या कालव्याच्या तोंडाशी असलेल्या बंदरात सँटोरिनीची राख मळलेली आहे, हे मला पासष्टाव्या वर्षी कळलं.

माती विकता विकता थिरासियाच्या मजुरांना एक अडचण येऊ लागली. आस्पेच्या तळाशी कुदळ दगडावर लागायची, आणि ते दगड रचलेले असायचे. खाणवाल्याच्या दृष्टीने ही डोकेदुखी. 1866 मध्ये ज्वालामुखी पुन्हा जागा झाला, तो बघायला युरोपातून शास्त्रज्ञ आले, त्यांत फर्डिनांड फूके हा फ्रेंच भूगर्भशास्त्रज्ञ होता. त्याने ओळखलं की राखेच्या खाली भिंती आहेत, म्हणजे राख पडण्याआधी इथे माणसं राहत होती. पोर्ट सैदला माती गेली नसती तर ही भिंत उघडी पडायला किती वर्षं लागली असती कोण जाणे.

पुढे 1967 साली स्पिरिडॉन मरिनातोस या ग्रीक पुरातत्त्वज्ञाने बेटाच्या दक्षिण टोकाला अक्रोतिरी इथे खणायला घेतलं आणि आख्खं शहर लागलं. दोन-तीन मजली घरं, रस्त्याखालून गटारं, वरच्या मजल्यावर संडास, भिंतींवर चित्रं. माणसाचे सांगाडे मात्र नाहीत. लोक आधीच निघून गेले होते. मुलीला चित्रं पाहायची होती (मूळ चित्रं तिथे नाहीतच, ती संग्रहालयांत हलवलेली आहेत). मी एका जिन्यापाशी अडकलो. दगडी पायऱ्यांचा जिना, आणि प्रत्येक पायरी मधोमध तडकून दोन तुकडे झालेली. एकाच रेषेत, वरपासून खालपर्यंत. हे राखेचं काम नव्हे. राख पडण्याआधी भूकंप झाला होता. लोक परत आले, पडझडीचे दगड त्यांनी बाजूला ढीग लावून ठेवले, पलंग बाहेर काढले, दुरुस्तीला लागले होते. तेवढ्यात धूर दिसला असणार.

असा जिना मी आधी एकदा पाहिला आहे. 11 डिसेंबर 1967, पहाटे चार वाजून एकवीस मिनिटं. कोयनेचा भूकंप. मी सात वर्षांचा होतो. आईने गोधडीसकट उचलून अंगणात टाकलं. उजाडल्यावर वडील मला घेऊन गावातल्या एका वाड्यापाशी गेले. त्याच्या जोत्याच्या पायऱ्या अशाच मधोमध फुटल्या होत्या. वडील वाकून त्या भेगेत बोट घालून पाहत होते. त्या पहाटे पावणेदोनशेच्या आसपास माणसं गेली. वडील त्या दिवशी कोणाशी बोलले नाहीत. त्यांनी बांधलेली दोन घरं पडली होती. त्याच 1967 सालात मरिनातोस अक्रोतिरीची पहिली भिंत उघडी करत होता, हा निव्वळ योगायोग. पण त्या जिन्यापाशी मला तो योगायोग वाटेना, आणि मी जरा वेळ बाकावर बसलो.

अक्रोतिरीवर संरक्षणासाठी नवं छप्पर घातलं, त्याचा एक भाग 2005 मध्ये कोसळून एक पर्यटक ठार झाला. जागा 2012 पर्यंत बंद होती. साडेतीन हजार वर्षांच्या भिंती उभ्या आणि आमच्या व्यवसायाचं काम खाली. यावर मी अधिक बोलत नाही.

सँटोरिनीचा मोठा भूकंप आमच्या अकरा वर्षं आधीचा: 9 जुलै 1956, तोही पहाटे, पाच वाजून अकरा मिनिटांनी. बेटावर 53 माणसं गेली, पाचशेहून अधिक घरं जमीनदोस्त झाली, हजारो घरांना तडे गेले. इयाचा कडा उजाड झाला. कित्येक कुटुंबांनी अथेन्सची बोट धरली ती परत आली नाहीत. पुनर्वसनाचं काम ज्या स्थापत्यकारांकडे होतं त्यांत कॉन्स्टँटिनोस डेकावालास प्रमुख. त्याची मला आवडलेली गोष्ट ही की घाईच्या कामातही नव्या घरांना त्याने जुनी अर्धगोल छतं ठेवली. आमच्याकडे भूकंपानंतर पत्रे आले. उन्हाळ्यात त्या पत्र्याखाली बसलेला माणूस हा फरक मला समजावून देऊ शकेल.

1970 च्या दशकाच्या मध्यापासून ग्रीसच्या राष्ट्रीय पर्यटन संस्थेने इयामधली पडकी इपोस्काफा दुरुस्त करून पाहुण्यांना द्यायला सुरुवात केली. तिथून पुढचं तुम्हाला माहीत आहे. 2021 च्या जनगणनेत साडेपंधरा हजार लोकवस्ती, आणि वर्षाला पाहुणे तीस लाखांच्या वर. खाणी 1980 च्या दशकात बंद पडल्या. कडा विकण्यापेक्षा कड्यावर खोली देणं फायद्याचं झालं. कड्याच्या ऐन काठावर आता पोहण्याचे हौद खोदतात. आस्पेत पाणी मुरलं की काय होतं हे मी त्या काउंटरवरच्या बाईला विचारलं नाही. फेब्रुवारी 2025 मध्ये जमीन आठवडेच्या आठवडे हलत होती, सर्वांत मोठा धक्का 5.3 चा, आणि अकरा हजारांवर माणसं बोटींनी-विमानांनी बेट सोडून गेली होती. हौद तेव्हा आधी रिकामे करायला सांगितले गेले.

जाणार असाल तर एवढंच करा. सूर्यास्ताला इयाच्या गल्लीत पाऊल ठेवायला जागा नसते, तो कोठूनही दिसतो. एक सकाळ अक्रोतिरीला द्या. फिराहून बस जाते. आत गेल्यावर चित्रांसाठी पुढे धावू नका, तो फुटका जिना शोधा.