काजळीची संवेदना

तेलाच्या दिव्यावर वाटी धरून काजळ पाडण्याची रीत दुसरबीडसारख्या वऱ्हाडी गांवांतील जुन्या पिढीच्या चांगली परिचयाची होती. ती काळी पूड डोळ्यांत घालावयाची, एवढाच तिचा उपयोग ठाऊक. परंतु तिच्या अंगीं दाब ओळखण्याचाही गुण आहे, हें जगाच्या ध्यानीं यावयास एकोणिसाव्या शतकाचा उत्तरार्ध उजाडावा लागला.

धातूची तार ताणली असतां विजेस होणारा रोध बदलतो, हें विल्यम टॉमसन, म्हणजे पुढें लॉर्ड केल्विन म्हणून प्रसिद्धीस आलेले शास्त्रज्ञ, ह्यांनीं १८५६ सालीं दाखविलें. पुढें १८७७ सालीं एडिसननें अमेरिकेंत काजळी दाबून तिची टिकली केली व ती टेलिफोनमध्यें बसविली. ह्या काजळीसाठीं त्याच्या प्रयोगशाळेंत रॉकेलचे दिवे अहोरात्र जळत. बोलण्यानें पडदा हले व टिकलीवरील दाब कमीजास्त होई. कणांस कण भिडले कीं वीज सुखानें वाहे. सैल झाले कीं अडखळे. मुंबईंत टेलिफोनचें केंद्र १८८२ सालीं उघडलें, आणि पुढें कित्येक दशकें दूरध्वनीवरील बोलणें कोळशाच्या कणांतूनच गेलें.

पण ही टिकली ताठ. ती वांकत नसे. कार्बनचे सूक्ष्म कण लवचिक द्रव्यांत कालविले, कीं तें द्रव्य वांकतें आणि आपलें वांकणें विजेच्या भाषेंत सांगतेंही. १९९१ सालीं जपानांत सुमिओ इजिमा ह्यांनीं केसाहून हजारों पटींनीं बारीक अशा कार्बनच्या नळ्यांचें वर्णन प्रसिद्ध केलें, तेव्हां ह्या विद्येस नवें साधन मिळालें.

महाराष्ट्रांतही हें काम झालें. पवईच्या आय. आय. टी. मध्यें व्ही. रामगोपाल राव आणि त्यांचे सहकारी ह्यांनीं बहुवारिकांत काजळीचे कण मिसळून अतिसूक्ष्म पट्ट्या घडविल्या; हें संशोधन २०११ सालीं प्रसिद्ध झालें. पट्टीच्या एका अंगास विशिष्ट द्रव्याचा लेप असतो. स्फोटक पदार्थाच्या वाफेचे रेणू त्यास चिकटले, कीं पट्टी किंचित् वांकते, आंतील कणांचीं अंतरें बदलतात आणि रोधही बदलतो. गर्दीच्या ठिकाणीं दडविलेला स्फोटक वेळींच सांपडणें, ह्यावर कित्येकांचे प्राण अवलंबून असतात.

ह्या द्रव्यांत उणीव नाहीं असें नाहीं. वारंवार ताणल्यास रोध पूर्वपदावर तंतोतंत येत नाहीं. उष्णतेनें व दमटपणानेंही तो ढळतो. खोटी सूचना मिळाली तर माणसें विनाकारण धांवतील. सूचना चुकली तर जीव जाईल. म्हणून ह्या संवेदनेची खरी कसोटी तिच्या तीक्ष्णतेपेक्षां तिच्या विश्वसनीयतेंत आहे.