संशोधन अनुदान, महाविद्यालयीन

विद्यापीठाच्या विभागात किंवा संलग्न महाविद्यालयात शिकवणाऱ्या विज्ञानाच्या अध्यापकाला एखाद्या ठरावीक प्रश्नावर, ठरावीक मुदतीत काम करण्यासाठी पगाराव्यतिरिक्त मिळणारा पैसा म्हणजे संशोधन अनुदान. हा पैसा अध्यापकाच्या नावावर मंजूर होतो, पण जमा होतो संस्थेच्या खात्यात. उपकरणे, रसायने, क्षेत्रभेटी, प्रकल्प-सहायकाचे मानधन अशा शीर्षांत तो आधीच वाटलेला असतो. बक्षीस, शिष्यवृत्ती किंवा पीएच.डी.ची अधिछात्रवृत्ती यांहून तो वेगळा. कारण यात हिशेब द्यावा लागतो, आणि न उरकलेला हिशेब माणसाच्या निवृत्तीपर्यंत मागे लागतो.

विदर्भात ‘अनुदान’ म्हटले की संशोधन कोणाच्या मनात येत नाही. शेतकऱ्याला विहिरीचे आणि ठिबकचे अनुदान आठवते, तर शिक्षकाला पगाराचे. महाविद्यालयांची ‘अनुदानित’ आणि ‘विनाअनुदानित’ ही विभागणीही पगारावरूनच झाली आहे. प्राध्यापकांच्या खोलीत त्यामुळे वेगळे शब्द रुळले : मायनर, मेजर, प्रपोजल, सँक्शन, यूसी. ‘सरांना मायनर मिळाला’ या वाक्याचा अर्थ तिथल्या शिपायालाही कळत असे.

प्रस्तुत नोंदीत या विषयाकडे दारव्ह्याहून पाहिले आहे. मुंबई-पुण्याहून पाहिले तर अनुदानाच्या योजना हे एक भरगच्च दुकान दिसते. तालुक्याच्या गावाहून त्या दुकानाचा उंबरठा आधी दिसतो. दारव्हा हे यवतमाळच्या पश्चिमेचे तालुक्याचे ठिकाण. यवतमाळ-मूर्तिजापूर या अरुंदमापी ‘शकुंतला’ रेल्वेवरचे ते मोठे स्थानक होते. येथील मुंगसाजी महाराज महाविद्यालय संत गाडगे बाबा अमरावती विद्यापीठाशी संलग्न आहे. नागपूर विद्यापीठातून वेगळे होऊन १ मे १९८३ रोजी सुरू झालेल्या या विद्यापीठाकडे अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलढाणा आणि वाशिम हे पाच जिल्हे आहेत.

प्रश्नांची या भागात टंचाई नाही. २०१७ च्या खरिपात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन यवतमाळ जिल्ह्यात वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. त्याच हंगामात गुलाबी बोंडअळीने बीटी कपाशीची बोंडे पोखरली. जिल्ह्याच्या काही भागांत विहिरी आणि हातपंपांच्या पाण्यात फ्लोराइड मर्यादेबाहेर आहे. रसायनशास्त्र, प्राणिशास्त्र, वनस्पतिशास्त्र या तिन्ही विभागांना पिढीभर पुरेल एवढे काम पायी जाता येईल इतक्या अंतरावर आहे. कपाशीच्या बोंडात अळी कधी शिरते हे पाहायला महागडे यंत्र लागत नाही, नियमित जाणारा माणूस लागतो. आणि तो माणूस त्याच गावात राहतो. फवारलेल्या औषधाचा अंश पाण्यात किती उतरला हे मोजायला मात्र यंत्रच लागते, आणि ते लाखांच्या घरात असते. अनुदानाचा विषय सुरू होतो तो इथे.

*इतिहास.* विदर्भातला विद्यापीठीय विज्ञानासाठीचा एक मोठा पैसा सरकारकडून आला नव्हता. कामठीचे खाणमालक रावबहादूर डी. लक्ष्मीनारायण यांनी मृत्युपत्राने सुमारे ३५ लाख रुपये नागपूर विद्यापीठाला दिले. ते १९३० मध्ये वारले आणि त्या देणगीतून १९४२ मध्ये लक्ष्मीनारायण तंत्रज्ञान संस्था उभी राहिली. एवढ्या मोठ्या विदर्भात नंतर दुसरा लक्ष्मीनारायण झाला नाही, ही गोष्ट कोशात लिहिण्यासारखी नसली तरी खरी आहे.

त्याच १९४२ मध्ये वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषद (सीएसआयआर) स्थापन झाली. १२ मार्च १९४४ रोजी होमी भाभांनी सर दोराबजी टाटा ट्रस्टकडे मूलभूत संशोधनाच्या संस्थेसाठी पत्र लिहिले, आणि पुढच्या वर्षी टाटा मूलभूत संशोधन संस्था निघाली. या दोन घटनांनी पुढची वाट ठरवली : संशोधन प्रयोगशाळांत आणि शिकवणे विद्यापीठांत. स्वातंत्र्यानंतरची मोठी गुंतवणूक याच वाटेने गेली. मेघनाद साहांसारख्यांनी विद्यापीठे दुबळी राहतील म्हणून केलेला विरोध बाजूला पडला. अमेरिकेने नेमके उलटे केले. १९५० मध्ये स्थापन झालेल्या तिथल्या राष्ट्रीय विज्ञान प्रतिष्ठानने विद्यापीठांतल्या अध्यापकांनाच प्रकल्पागणिक पैसा दिला. शिकवणारा आणि शोधणारा माणूस तिथे एकच राहिला. भारतात एकूण संशोधनावरचा खर्च २०२०-२१ मध्ये सकल देशांतर्गत उत्पादनाच्या ०.६४ टक्के होता, आणि त्यातला मोठा भाग अंतराळ, संरक्षण, अणुऊर्जा, कृषी अशा सरकारी खात्यांतच खर्च होतो.

विद्यापीठांच्या वाट्याला आला तो विद्यापीठ अनुदान आयोग. १९५३ मध्ये त्याचे उद्घाटन झाले आणि १९५६ च्या कायद्याने त्याला वैधानिक रूप मिळाले. या कायद्यात १९७२ मध्ये घातलेले १२(बी) हे कलम तालुक्याच्या महाविद्यालयाच्या दृष्टीने सगळ्या योजनांहून महत्त्वाचे. २(एफ) च्या यादीत नाव आले की महाविद्यालयाला आयोगाची मान्यता मिळते. १२(बी) मध्ये आले तरच केंद्राचा पैसा घेता येतो. नव्या महाविद्यालयांची कित्येक वर्षे या दोन कंसांमधल्या प्रवासात जातात.

*मायनर आणि मेजर.* आयोगाचे लघु आणि बृहत् संशोधन प्रकल्प ही महाराष्ट्रातल्या महाविद्यालयीन संशोधनाची खरी शाळा होती. बाराव्या पंचवार्षिक योजनेत (२०१२-१७) विज्ञानासाठी मेजरची मर्यादा २० लाख आणि मायनरची ५ लाख होती. मानव्यविद्यांसाठी ती १५ आणि ३ लाख. मायनरचे अर्ज दिल्लीला जात नसत. आयोगाचे पश्चिम विभागीय कार्यालय पुण्यात होते आणि मायनरचा कारभार तिथूनच चाले. अर्ज साधा, स्पर्धा आटोक्यातली, मुदत दोन वर्षांची. एक वर्णपटमापक, एक संगणक, थोडी रसायने आणि नमुने गोळा करायला बस-जीपचे भाडे एवढ्यात तो प्रकल्प बसे.

या प्रकल्पांची थट्टा पुष्कळ झाली. अहवाल कपाटात गेले, एकाच तलावातल्या प्लवकांची यादी पुन्हा पुन्हा झाली, काही ठिकाणी संगणक तेवढा घरी पोचला. थट्टा खोटी नव्हती, पण अपुरी होती. मायनर करताना अध्यापक पहिल्यांदा अंदाजपत्रक लिहायला शिकत असे. महाविद्यालयाचा लेखापाल पहिल्यांदा प्रकल्पाचे वेगळे खाते ठेवायला शिके. आणि पदवीच्या मुलांना ज्याचे उत्तर पुस्तकाच्या शेवटी दिलेले नाही असा प्रयोग दिसे. मेजरकडे जाणारी पायरी ती होती. बारावी योजना संपली तसे हे प्रकल्पही थांबले. १ जुलै २०१९ रोजी आलेली ‘स्ट्राइड’ योजना कोटीच्या भाषेत बोलणारी होती. ५ सप्टेंबर २०२२ रोजी आयोगाने नवनियुक्त अध्यापकांसाठी डॉ. डी. एस. कोठारी अनुदान (१३२ जागा) आणि सेवेतील अध्यापकांसाठी अनुदान (२०० जागा) जाहीर केले. प्रत्येकी १० लाख, दोन वर्षे. या जागा संपूर्ण देशासाठी आहेत. पाच लाखांची पायरी काढून दहा लाखांची बसवली, आणि तिच्यावर उभे राहायला फार थोड्यांना जागा ठेवली.

*नवी व्यवस्था.* विज्ञान व अभियांत्रिकी संशोधन मंडळ (सर्ब) २००८ च्या कायद्याने आले. पुढे अनुसंधान राष्ट्रीय संशोधन प्रतिष्ठान कायदा, २०२३ झाला. तो ५ फेब्रुवारी २०२४ पासून लागू झाला आणि सर्ब त्यात विलीन झाले. पंतप्रधान या प्रतिष्ठानच्या नियामक मंडळाचे पदसिद्ध अध्यक्ष आहेत. पाच वर्षांत ५०,००० कोटी रुपये उभे करण्याचे उद्दिष्ट कायद्याच्या वेळी सांगितले गेले. त्यातले ३६,००० कोटी उद्योग, देणग्या अशा सरकारबाहेरच्या मार्गांनी यायचे होते. लक्ष्मीनारायणांची परंपरा अर्थसंकल्पी गणितात गृहीत धरल्याचे हे उदाहरण म्हणता येईल.

सर्बच्या काळात आखलेल्या योजनांपैकी तीन दारव्ह्यासारख्या ठिकाणाला जवळच्या. २०२२ मधली ‘शुअर’ ही राज्य विद्यापीठे आणि महाविद्यालये यांच्यासाठीच राखलेली : तीन वर्षांसाठी ३० लाख. आयआयटीच्या अर्जाशेजारी आपला अर्ज ठेवला जात नाही, एवढा एक दिलासा तिने दिला. ‘मॅट्रिक्स’ गणिताची : वर्षाला २ लाख, तीन वर्षे. गणिताला प्रयोगशाळा लागत नाही, म्हणून ती तालुक्याच्या गावाला सर्वांत सोयीची असायला हवी. पण अर्ज तोलला जातो तो आधीच्या शोधनिबंधांवर, आणि आठवड्याला सोळा-अठरा तास शिकवून ते लिहिणारा गणिताचा अध्यापक विरळा.

तिसरी ‘टेअर’ सर्वांत व्यवहारी. महाविद्यालयातल्या कायम अध्यापकाने नोकरी न सोडता जवळच्या मोठ्या संस्थेत वर्षातले काही महिने काम करायचे. अध्यापकाला वर्षाला ६०,००० रुपये, आणि वर्षाला ५ लाखांचे अनुदान मूळ व यजमान संस्थेत निम्मे निम्मे. दारव्ह्याच्या अध्यापकाला यजमान शोधायला नागपूरपलीकडे जावे लागू नये : विश्वेश्वरय्या राष्ट्रीय तंत्रज्ञान संस्था आहे, पाण्याच्या प्रश्नासाठी १९५८ पासूनची ‘नीरी’ आहे. यंत्र तिथे, नमुना इथला. अडचण एकच : अध्यापक नागपूरला गेला की त्याचे तास कोणी घ्यायचे.

आणि तास घ्यायला माणूस असतो तोही बहुधा सीएचबीवरचा, म्हणजे तासिका तत्त्वावरचा. जवळजवळ प्रत्येक योजनेत मुख्य संशोधक नियमित नेमणुकीचा असावा अशी अट असते. पदभरती वर्षानुवर्षे रखडल्याने ग्रामीण महाविद्यालयांतली पीएच.डी. झालेली तरुण माणसे पात्रतेबाहेर राहतात, आणि पात्र असलेले निवृत्तीच्या जवळ येतात. प्रस्तुत लेखकाच्या मते निधीच्या तुटवड्यापेक्षा ही अट विदर्भातल्या महाविद्यालयीन संशोधनाला जास्त भोवली आहे. विदर्भाला सिंचनाचा आणि रस्त्यांचा अनुशेष मोजायची सवय आहे. दांडेकर समितीने १९८४ मध्ये त्याचे आकडे मांडले. पात्र अध्यापकांचा अनुशेष त्या तक्त्यांत बसत नाही.

व्यक्तीऐवजी विभागाला मिळणारी मदतही आहे. विज्ञान व तंत्रज्ञान विभागाची ‘फिस्ट’ योजना २००० पासूनची. तिच्यातून विभागाला उपकरणे घेता येतात. जैवतंत्रज्ञान विभागाची ‘स्टार कॉलेज’ योजना पदवीच्या प्रयोगशाळांसाठी आहे. राज्याच्या पातळीवर राजीव गांधी विज्ञान व तंत्रज्ञान आयोगाने, अनिल काकोडकर अध्यक्ष असताना, विद्यापीठांमार्फत स्थानिक प्रश्नांवर विज्ञान नेण्याचा प्रयत्न केला. गडचिरोलीच्या गोंडवाना विद्यापीठातले विज्ञान व तंत्रज्ञान संसाधन केंद्र त्यातूनच झाले. बार्टी, सारथी, महाज्योती या राज्य सरकारच्या संस्थांची अधिछात्रवृत्ती विद्यार्थ्याला मिळते, प्रकल्पाला नाही. तरी मार्गदर्शक अध्यापकाच्या दृष्टीने संशोधक विद्यार्थी येणे हाही एक प्रकारचा निधीच.

*पैशाची वाट.* मंजुरीपत्र आले म्हणजे पैसा आला असे नाही, आणि पैसा आला म्हणजे तो खर्च करता येतो असेही नाही. शीर्ष ठरलेले असते. रसायनांचे पैसे प्रवासाला वळवायचे तर आधी परवानगी. खरेदी सरकारी ई-बाजारातून, तिथे वस्तू नसेल तर कोटेशने. अमुक शुद्धतेचे रसायन यवतमाळला मिळत नाही, नागपूरचा विक्रेता ऑर्डर छोटी म्हणून टाळतो, आणि मार्च जवळ येतो. जून २०२५ मध्ये केंद्राने आपल्या वैज्ञानिक खात्यांच्या संस्थांना कोटेशनशिवाय खरेदीची मर्यादा १ लाखावरून २ लाखांवर नेली. राज्य विद्यापीठाला संलग्न असलेल्या महाविद्यालयाला मात्र आपल्या संस्थेची आणि राज्याची नियमावली पाहावी लागते.

कराचा फटकाही अंदाजपत्रकात धरावा लागतो. संशोधन संस्थांच्या उपकरणांवर वस्तू व सेवा कराचा ५ टक्क्यांचा सवलतीचा दर होता. तो जुलै २०२२ मध्ये काढला गेला आणि बहुतेक उपकरणे १८ टक्क्यांवर गेली. ८ लाखांच्या यंत्रावर ४० हजारांऐवजी १ लाख ४४ हजार. जुन्या दराने मंजूर झालेल्या प्रकल्पात हा फरक रसायनांतून गेला, दुसरीकडून नाही. २०२४ मध्ये तर संशोधन अनुदान ही ‘सेवा’ समजून काही नामवंत संस्थांना कराच्या नोटिसा गेल्या होत्या. ९ सप्टेंबर २०२४ च्या जीएसटी परिषदेने सरकारी संस्थांना आणि प्राप्तिकर कायद्याच्या कलम ३५ खाली मान्यता असलेल्या संस्थांना त्यातून सूट दिली.

शेवटी उपयोगिता प्रमाणपत्र, म्हणजेच यूसी. त्यावर मुख्य संशोधक, प्राचार्य आणि सनदी लेखापाल यांच्या सह्या लागतात. मायनरमध्ये शेवटचे दहा टक्के अंतिम अहवाल स्वीकारला गेल्यावरच मिळत, म्हणजे ते आधी महाविद्यालयाने किंवा अध्यापकाने पदरचे घालायचे. प्राचार्य बदलले, लेखापाल बदलला, एखादे मूळ बिल सापडेना, की प्रमाणपत्र अडते. आणि ते अडले की त्याच अध्यापकाचा पुढचा अर्जही अडतो.

प्रकल्प संपल्यावर उपकरण संस्थेच्या मालकीचे होते. डेड स्टॉक रजिस्टरमध्ये त्याला क्रमांक मिळतो, अंगावर पांढऱ्या ऑइलपेंटने तो लिहिला जातो. दुरुस्तीचे शीर्ष प्रकल्पाबरोबरच संपलेले असल्याने दिवा गेलेला वर्णपटमापक वर्षअखेरच्या साठा-तपासणीपुरता आच्छादनाबाहेर येतो.