जीआयएफचं पेटंट आणि आपला कोड

आजची सुरुवात माझ्याच एका अडचणीपासून. फोटोंचा आकार लहान करणारा एक छोटासा प्रोग्रॅम मी फावल्या वेळात लिहिलाय. ओपन सोर्स आहे. कोणीही घ्यावा, बदलावा, वाटावा. मध्यंतरी एकाने विचारलं, "नव्या फोनवरचे एचईआयसी फोटो यात का उघडत नाहीत?" मला वाटलं, एका रविवारचं काम. मग कळलं की कोड लिहिता येईल, पण वाटायचा कसा हा प्रश्न आहे. या फोटोंमागच्या एचईव्हीसी तंत्रावर बरीच पेटंट्स आहेत. मेहनत माझी, कोड माझा, आणि परवानगी दुसऱ्याची! पण हे काही नवीन नाही. तीस वर्षांपूर्वी असंच घडलं होतं.

आधी एक फरक समजून घेऊ. कॉपीराइट म्हणजे तुमच्या पुस्तकातला पुरणपोळीचा मजकूर मी जसाच्या तसा छापायचा नाही. पोळ्या मात्र खुशाल कराव्यात. पेटंट असतं कृतीवर. मी तुमचं पुस्तक कधी पाहिलंही नसेल, तीच कृती मला माझ्या स्वयंपाकघरात सुचली असेल, तरी परवानगी लागते.

आता गोष्ट. टेरी वेल्च हे अमेरिकेतल्या स्पेरी कंपनीत होते. माहिती आकसून लहान करायची एक पद्धत त्यांनी बसवली. तिचं नाव एलझेडडब्ल्यू. वाण्याला "नेहमीचं सामान" एवढं म्हटलं की तो पूर्ण यादी काढून देतो ना, तसंच. पुन्हा पुन्हा येणाऱ्या तुकड्यांना छोटे क्रमांक द्यायचे. जून १९८३ मध्ये पेटंटचा अर्ज झाला. जून १९८४ मध्ये वेल्च यांचा लेख आयईईईच्या 'कॉम्प्युटर' मासिकात आला. लोकांनी तो वाचला, पद्धत आवडली, वापरली. डिसेंबर १९८५ मध्ये पेटंट मंजूर झालं. पुढच्याच वर्षी स्पेरी आणि बरोज एकत्र येऊन युनिसिस झाली आणि पेटंट तिच्याकडे गेलं.

१९८७ मध्ये कॉम्प्युसर्व्हने जीआयएफ आणलं. सरकारी संकेतस्थळांवर आजही लुकलुकणारं 'न्यू' दिसतं ना, तेच जीआयएफ. त्याच्या पोटात एलझेडडब्ल्यू होतं. पेटंटची कॉम्प्युसर्व्हला कल्पना नव्हती. वेब वाढलं आणि जीआयएफ सगळीकडे पसरलं. मग १९९४ च्या डिसेंबरात, ऐन नाताळच्या सुट्टीत, घोषणा झाली: जीआयएफ हाताळणारं सॉफ्टवेअर बनवणाऱ्यांनी परवाना घ्यावा.

विकणाऱ्या कंपनीला हे जड नव्हतं. किमतीत थोडी भर टाकली की झालं. पण फुकट वाटणाऱ्याचं काय? त्याच्या किती प्रती कुठे गेल्या, हे त्यालाच माहीत नसतं. प्रतीमागे पैसे भरायचे तर कशाच्या हिशोबाने? शिवाय १९९१ च्या जीपीएल परवान्याच्या सातव्या कलमात स्पष्ट आहे: पेटंटमुळे पुढच्या माणसाला तेच स्वातंत्र्य देता येत नसेल, तर प्रोग्रॅम वाटूच नका. म्हणजे एकट्यापुरता परवाना विकत घेऊनही सुटका नाही.

ग्नू प्रकल्पाला ही झळ आधीच लागली होती. युनिक्सचा 'कॉम्प्रेस' हा प्रोग्रॅमही एलझेडडब्ल्यूवरच चाले. त्याला पर्याय म्हणून १९९२ मध्ये जाँ-लू गेली आणि मार्क अॅडलर यांनी 'जीझिप' आणला. त्याची डिफ्लेट ही पद्धत पेटंटच्या कचाट्याबाहेरची होती. जीआयएफच्या घोषणेनंतर, जानेवारी १९९५ मध्ये, थॉमस बूटेल यांनी नव्या चित्रप्रकाराचा पहिला मसुदा मांडला. त्यातूनच डिफ्लेट वापरणारं पीएनजी घडलं. ऑक्टोबर १९९६ मध्ये डब्ल्यूथ्रीसीने त्याला मान्यता दिली.

इथे कोणी म्हणेल, "मग बरंच झालं की! पेटंटमुळे पीएनजी तरी मिळालं." मला हे पटत नाही. पीएनजीत हलती चित्रं नव्हती आणि ब्राउझरांना ते नीट दाखवायला कितीतरी वर्षं लागली. जीआयएफ काही सुटलं नाही. उलट १९९९ मध्ये युनिसिसने फुकट सॉफ्टवेअरलाही लेखी परवाना लागेल असं सांगितलं. लोक चिडले आणि त्याच ५ नोव्हेंबरला 'सगळे जीआयएफ जाळा' दिवस पाळला गेला. बूटेल यांच्याच जीडी या लायब्ररीतून जीआयएफ काढावं लागलं. अमेरिकेतलं पेटंट २० जून २००३ ला संपलं, बाकीच्या देशांतलं २००४ मध्ये, आणि मगच जीडीत जीआयएफ परत आलं. चालू असलेला कोड काढायचा, पाच वर्षं थांबायचं आणि पुन्हा टाकायचा. यात शोध कुठला?

आपल्याकडे काय? पेटंट कायद्याच्या कलम ३(के) नुसार गणिती पद्धत, अल्गोरिदम आणि 'निव्वळ' संगणक प्रोग्रॅम यांना पेटंट मिळत नाही. ही तरतूद २० मे २००३ पासून लागू आहे. २००४ च्या अखेरीस अध्यादेश काढून ती सैल करायचा प्रयत्न झाला, पण २००५ मध्ये संसदेने कायदा करताना तो बदल वगळला. 'निव्वळ' म्हणजे नक्की काय, यावर वाद अजून चालू आहेत. आणि इंटरनेटवर टाकलेला कोड काही भारतापुरता राहत नाही.

म्हणून मी काय केलं? एचईआयसी उघडणारा कोड माझ्या प्रोग्रॅममध्ये घातलाच नाही. वापरणाऱ्याच्या मशीनवर तो आधीपासून असेल तर माझा प्रोग्रॅम त्याची मदत घेतो, नसेल तर तसं सांगतो. विचारणाऱ्याला हे कळवलं, तर तो म्हणाला, "एवढं कशाला गुंतागुंतीचं केलंस?" त्याला उत्तर म्हणून हा भाग. भेटू पुढच्या वेळी.